पंखा फिरतो, पण डिस्प्ले येईना

जुलैचा शेवटचा आठवडा आला की परभणी जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. पाथरी असो, पालम असो की जिंतूर. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक कॅरीबॅगमध्ये घालून आलेली माणसं सकाळपासून उभी असतात. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारनं एक रुपयात पीक विमा सुरू केला, तेव्हा तर मुदत जवळ आली की अर्ज भरणाऱ्यांची झुंबड उडायची. अशा दिवशी केंद्रचालकानं बटन दाबावं, पंखा फिरावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, याहून वाईट वेळ दुसरी नसते.

मग दोन निदानं हमखास कानावर पडतात. एक, ‘मदरबोर्ड गेला’. दुसरं, ‘विंडोज मारावी लागेल’. दोन्ही कधी कधी खरी ठरतात. पण पुष्कळदा ती नीट न पाहता, घाईत दिलेली असतात आणि दोन्ही महागात पडतात. पहिल्यात काही हजार रुपये जातात. दुसऱ्यात मशीनमधली कागदपत्रं, फोटो, हिशेब पुसले जातात आणि ते कोणत्याही किमतीला परत मिळतील याची खात्री नसते. खरं तर कॉम्प्युटर कुठे अडला, हे तो स्वतःच बऱ्यापैकी स्पष्ट सांगत असतो. ते ऐकण्याची आणि पाहण्याची एक रीत आहे. ती शिकायला इंजिनिअर असावं लागत नाही.

बटन दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीन चार टप्पे ओलांडतं. आधी एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूची वीजपुरवठ्याची पेटी, घरातल्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे तयार करते आणि ते स्थिर झाले की बोर्डाला तसा इशारा देते. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या चिपमधला बायोस, किंवा नव्या मशीनमधला यूईएफआय, चालवू लागतो. हा बायोस रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड तपासतो. तिसऱ्या टप्प्यात तो हार्ड डिस्क किंवा एसएसडी शोधतो. तिथे विंडोजचा पत्ता लागला की सूत्रं तिच्या हाती देतो, आणि चौथ्या टप्प्यात विंडोज आपले ड्रायव्हर एकेक करून उभे करते.

ही स्वतःची तपासणी नवी नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेला आयबीएमचा पहिला पीसीही सुरू होताना ती करायचा. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप वाजायची. बिघाड असेल तर पडद्यावर आकडा यायचा. २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड. आज आकडे बदलले, काही बोर्डांवरचा बारका स्पीकरही गेला आणि त्याच्या जागी लुकलुकणारे दिवे आले. पण मूळ पद्धत तीच राहिली. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसावा. ‘कोणत्या टप्प्यापर्यंत पोचलं’ हा असावा.

बटन दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा नाही की दिवा नाही, म्हणजे मशीन पहिल्याच टप्प्यावर अडलं आहे. इथे परभणीसारख्या जिल्ह्यात थोडं थांबून विचार करायला हवा, कारण इथली बरीच दुखणी कॉम्प्युटरच्या पेटीबाहेर सुरू होतात. खेड्यातल्या डीपीवर भार वाढला की व्होल्टेज डीम होतं. त्याहून घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल ढिला पडला किंवा तुटला की एखाद्या घराला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. गल्लीतल्या दोन-चार घरांचे टीव्ही, चार्जर आणि कॉम्प्युटरचा एसएमपीएस एकाच संध्याकाळी गेले, तर संशय आधी तारेवर घ्यावा. न्यूट्रलची दुरुस्ती न करता नवा एसएमपीएस बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

प्लगपासून सुरुवात करणं अनेकांना कमीपणाचं वाटतं, पण तेच बरोबर आहे. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघावं. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावावी. एसएमपीएसच्या मागे स्वतःचं छोटं बटन असतं. साफसफाई करताना ते बंद झालेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मध्ये यूपीएस असेल तर तो तात्पुरता काढून मशीन थेट विजेवर चालवून पाहावं. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. हिचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून ठरवलेलं असतं, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांमागे ते निम्म्यावर येतं. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या टपरीत तर त्याहून जास्त. त्यामुळे पुण्यात तीन वर्षं चालणारी बॅटरी इथे दीड-दोन वर्षांत मान टाकते, आणि लाईट जाताच यूपीएस कॉम्प्युटरला एक मिनिटही धरत नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. लाईट गेली की मशीन दर वेळी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर दोष मशीनचा असेलच असं नाही. एसएमपीएस आपल्या साठ्यावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटा स्विच असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. तो ‘नॉर्मल’वर असेल तर बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर मरतो. स्विच सरकवला की हा त्रास बऱ्याच ठिकाणी तिथेच मिटतो.

आता अर्थिंग. परभणीची काळी कसदार जमीन पावसाळ्यात वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती सुकते, आक्रसते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून किंवा पट्टीपासून ती अलग होते. खड्ड्यात पाणी टाकायचं राहिलं की एप्रिलपासून अर्थिंग नावापुरतं उरतं. याची खूण हाताला कळते: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचं टोक पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मूळ दाबाच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज साचतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस झटकन हात काढतो आणि विसरतो. पण पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन लावता-काढताना तोच दाब यूएसबीच्या पोर्टमधून वाट शोधतो. वायरमनकडून एकदा मल्टिमीटर लावून घ्यावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत, असं दिसायला हवं. फेज-अर्थचा आकडा फारच कमी आला किंवा न्यूट्रल-अर्थचा बराच जास्त, तर खर्च खड्ड्यावर करावा, कॉम्प्युटरवर नव्हे.

वीज ठीक असूनही मशीन मेलेलंच असेल तर एसएमपीएस तपासायचा. दुकानदार करतात ती युक्ती सोपी आहे. एसएमपीएसची सगळी जोडणी बोर्डापासून सोडवून, मोठ्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला तारेच्या छोट्या तुकड्यानं जोडायची आणि मग वीज सुरू करायची. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला तरी तो पूर्ण निरोगी आहे असं मात्र म्हणता येत नाही, कारण भार पडल्यावर त्याचा दाब कोसळू शकतो. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लालवर ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत आकडा हवा. पण एसएमपीएसची पेटी कुणीही घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब साठतो, आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तो तिथेच असतो. हा जिवाचा प्रश्न आहे.

लॅपटॉप मेलेला वाटला तर आधी अ‍ॅडॅप्टर काढून, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढून, पॉवरचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरावं. आत अडकलेला चार्ज निघून जातो आणि वीज गेल्या-आल्यावर गोठलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यानं उठतात. तरी उठला नाही तर तशाच दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरवर लावून पाहावा. व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. उन्हाळ्यात चोवीस तास चार्जिंगवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये हे घडतं. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि तो लॅपटॉप त्या दिवसापासून वापरू नये.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले नाही. दुकानात सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. इथे आधी मॉनिटरला निर्दोष ठरवावं. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरत असेल तर मॉनिटर जिवंत आहे. मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबावं. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन पुढे गेलेलं आहे आणि अडचण फक्त चित्र दिसण्यात आहे: केबल सैल असेल, किंवा ग्राफिक्स कार्ड असताना केबल चुकून मदरबोर्डाच्या पोर्टला लावली असेल. लॅपटॉप असेल तर घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावून पाहावं. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड बदलायची गरज नाही. स्क्रीन किंवा तिची पट्टी गेली आहे.

नम लॉकही हलत नसेल तर संशयितांच्या यादीत सर्वांत वर रॅम. मराठवाड्यात पाऊस सुरू झाला की ही तक्रार वाढते, कारण दमट हवा आणि आत बसलेली मातीची बारीक भुकटी मिळून रॅमच्या सोनेरी टोकांवर थर धरतात. प्लग काढावा. पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाकावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. मग रॅमच्या दोन्ही बाजूंचे खटके उघडून ती काढावी, टोकांवरून पेन्सिलीचा मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवावा, कण झटकावेत आणि रॅम ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत सरळ दाबून बसवावी. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघावी, आणि एकच असेल तर स्लॉट बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम इथे पाळला नाही, तर मशीन सुरू झाल्यावरही नेमकं कशानं सुरू झालं ते कळत नाही आणि महिन्यानं तोच प्रकार पुन्हा समोर उभा राहतो.

दरम्यान बोर्ड काय म्हणतो तिकडे लक्ष हवं. अलीकडच्या अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरं छापलेली असतात. ज्याचा दिवा लागून राहिला तिथे गाडं अडलं. डेलच्या नव्या लॅपटॉपमध्ये पॉवरचा दिवा पिवळा दोनदा आणि पांढरा तीनदा लुकलुकला तर रॅम सापडत नाही असा अर्थ, पिवळा दोनदा आणि पांढरा चारदा म्हणजे रॅममध्ये बिघाड, आणि पिवळा तीनदा, पांढरा एकदा म्हणजे बोर्डावरचा सेल संपला. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये लाल तीनदा आणि पांढरा दोनदा ही रॅमची खूण आहे. प्रत्येक कंपनीची आणि काही वेळा प्रत्येक मॉडेलची भाषा वेगळी असते. म्हणून मोबाइलवर त्या लुकलुकण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तो क्रम शोधावा. दुरुस्तीवाल्याला ‘चालू होईना’ एवढंच सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ दाखवला तर त्याचा आणि आपला तासभर वाचतो.

बोर्डच गेला, असंही होतं. तेव्हा झाकण उघडून डोळ्यांनी पाहावं. प्रोसेसरजवळ उभे असलेले गोल कपॅसिटर वरून सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी पाझर आलेले असतील तर दुखणं तिथे आहे. या शतकाच्या सुरुवातीला सदोष कपॅसिटरांची मोठी साथच जगभर आली होती. डेलनं मे २००३ ते जुलै २००५ या काळात विकलेल्या, असा धोका असलेल्या मशीनची संख्या न्यायालयीन कागदपत्रांत किमान १ कोटी १८ लाख दिली आहे, आणि दुरुस्तीपोटी कंपनीनं ३० कोटी डॉलर बाजूला काढले. त्या पिढीची मशीन आता विरळ झाली, पण हलक्या दर्जाच्या एसएमपीएसवर आणि तापलेल्या खोलीत वर्षानुवर्षं चाललेल्या बोर्डांवर कपॅसिटर आजही फुगतात. चांगला कारागीर ते बदलून देतो आणि नव्या बोर्डाचा खर्च टळतो. असा कारागीर तालुक्याच्या गावी मिळाला तर त्याला धरून राहावं.

तिसऱ्या टप्प्यावर पडदा बोलू लागतो, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. त्याचं मूळ बऱ्याचदा पन्नासेक रुपयांच्या वस्तूत असतं. बोर्डावर सीआर २०३२ नावाचा, वीस मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा बटनासारखा सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि अनेक बोर्डांत बायोसची सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकते. चार-पाच वर्षांत तो उतरतो. रात्रभर लाईट नसलेल्या गावात सकाळी मशीन सुरू केलं की ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ अशी ओळ येते. एचपीच्या जुन्या डेस्कटॉपवर तिच्याआधी १६३ हा आकडा असतो, थिंकपॅडवर ०२७१. लोक एफ-वन दाबून पुढे जातात आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग ब्राउझर ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ म्हणतो, सरकारी पोर्टल उघडत नाही, डिजिटल सही लागत नाही. केंद्रावर ‘सर्व्हर डाउन’ अशी पाटी लागते. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. खालच्या कोपऱ्यातली तारीख चुकलेली असते.

यापुढचा प्रकार जास्त गंभीर. सेल पूर्ण उतरला की काही बोर्डांची सेटिंग कारखान्यातल्या मूळ अवस्थेत जातात. डिस्क कोणत्या पद्धतीनं वाचायची, म्हणजे एएचसीआय, आयडीई की रेड, हे त्यात बदलू शकतं. बूट जुन्या पद्धतीनं करायचं की यूईएफआयनं, तेही बदलू शकतं. मग उत्तम स्थितीतली डिस्क असूनही पडद्यावर येतं ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, किंवा विंडोज निम्म्यात येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं सांगत कोसळते. दुकानात हे मशीन गेलं आणि तिथं गर्दी असली की निर्णय ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, नवी विंडोज टाका. मशीन सुरू होतं, ग्राहक पैसे देतो आणि घरी जाऊन बघतो तर पाच वर्षांचे हिशेब नाहीत. हे टाळण्यासारखं आहे. अशी ओळ दिसली की आधी बायोसमध्ये जावं. बहुतेक मशीनमध्ये सुरू होताना डिलीट, एफ-टू किंवा एफ-टेन दाबत राहिलं की ते उघडतं. तिथे तारीख बघावी. डिस्कचं नाव यादीत दिसतं का ते बघावं. तारीख चुकलेली आणि डिस्क दिसते आहे, तर सेल बदलून, तारीख लावून, डिस्कची पद्धत पूर्वीसारखी करून पाहावी. फॉरमॅटचा शब्दही त्याआधी निघू नये.

डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल, किंवा एचपीवर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड, ३एफ०’ असं येत असेल, तर एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते बघून तो काढावा, मशीन बंद करून डिस्कची केबल काढून पुन्हा बसवावी, दुसऱ्या पोर्टवर लावावी. हार्ड डिस्कमधून ठरावीक तालात ‘टिक टिक’ आवाज येत असेल, तर ती आतून झिजली आहे असं समजून मशीन लगेच बंद करावं. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवणं म्हणजे उरलेला जीवही काढून घेणं. डिस्क दिसते पण विंडोज चढत नाही, अशा वेळी उबंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करता येते. काहीही इन्स्टॉल न करता डिस्कमधली कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. आधी माल बाहेर, मग दुरुस्ती.

चालू मशीनमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवतं. त्यात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत चालले असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. मात्र हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. गुगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखवलेलं नव्हतं. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणं हाच त्यावरचा उपाय आहे.

विंडोज ११ वापरणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसची सेटिंग बदलली, बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला, की सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण ते खातं दुकानदारानं स्वतःच्या किंवा बनावट ईमेलवर उघडलेलं असेल तर कुलूप उघडणं अवघड, कधी अशक्यच होतं. नवा लॅपटॉप घेताना खातं स्वतःच्याच ईमेलवर उघडावं आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत.

चौथ्या टप्प्यावर, विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे. त्यावर खाली एक स्टॉप कोड असतो आणि माणसं नेमका तोच वाचत नाहीत. ‘मेमरी मॅनेजमेंट’ वारंवार येत असेल तर रॅम तपासावी. विंडोजच्या शोधपट्टीत ‘mdsched’ टाइप केलं की तिची स्वतःची मेमरी चाचणी सुरू होते. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ हा बहुधा हार्डवेअरचा सांगावा असतो: उष्णता, वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा डिस्क. मशीन अचानक बंद पडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा नोंदी शोधाव्यात. त्यांचा अर्थ इतकाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. त्या वेळा लाईट गेल्याच्या वेळांशी जुळल्या तर यूपीएसकडे बघावं. दुपारी एक ते चार याच वेळात जमल्या तर उष्णतेकडे.

निळा पडदा म्हणजे हार्डवेअरच गेलं, असंही नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातल्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर निळा पडदा आणला. भारतात विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मशीन पुन्हा पुन्हा सुरू होत, पुन्हा पुन्हा कोसळत होती, आणि बिघाड एका फाइलचा होता. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढली की मशीन पूर्ववत चालत होतं. घरच्या मशीनसाठीही हीच कसोटी वापरता येते. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकली नाही की दुरुस्तीचा पडदा स्वतःहून दाखवते. तिथून सेफ मोड निवडावा. सेफ मोडमध्ये तासभर मशीन नीट चाललं तर संशय ड्रायव्हर, अपडेट किंवा अँटीव्हायरसवर घ्यावा. तिथेही कोसळलं तर रॅम, डिस्क, उष्णता यांकडे वळावं.

उष्णतेचं परभणीत वेगळं सांगावं लागत नाही, पण धुळीचं सांगावं लागतं. मानवत, सेलू ही कापसाची गावं. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे तंतू आणि काळ्या मातीची भुकटी प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत जाऊन नमद्यासारखी बसते. मग मशीन सुरू होतं, दहा मिनिटं चालतं आणि झटकन बंद पडतं. थंड झालं की पुन्हा सुरू. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आधी मंद होतो आणि तेही पुरलं नाही तर बंद. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, ब्लोअरनं सफाई करावी. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून त्याचे बेअरिंग खराब होतात. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलावी. आणि मशीन टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबू नये.

वळवाच्या दिवसांत आणखी एक काळजी. वीज कडाडू लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. राउटरकडून येणारी लॅन केबलही काढावी लागते, कारण दाब त्या तारेतूनही येतो आणि बोर्डाचा लॅन पोर्ट जाळतो. पोर्टच गेला असेल तर पूर्ण बोर्ड बदलायची घाई नको. यूएसबीचं लॅन कार्ड काही शे रुपयांत मिळतं.

एवढं सगळं करूनही दुकानात जावं लागतंच. जाताना काय दिसलं ते तारखेसह लिहून न्यावं: किती बीप, कोणता दिवा, कोणता आकडा, लाईट गेल्यानंतर की आधी. मशीन देण्यापूर्वी रॅम आणि डिस्कवरच्या लेबलांचे, सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढावेत. पावतीवर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असं स्वतःसमोर लिहून घ्यावं. बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाचं पक्कं बिल घ्यावं, कारण एसएसडीवर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलाशिवाय पदरात पडत नाही. दुकानदार किंवा कंपनी वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार मराठीतूनही नोंदवता येते, आणि बिल, फोटो, पावती हाताशी असली की ती उभी राहते.